पोरांना सगळं पाठ आहे, पण हात धुवायला साबण कुठाय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरा दिवसांत शाळांमध्ये स्वच्छता पंधरवडा झाला, त्याचे फोटो तुमच्या पेपरात बघितले. पोरं हातात खराटे घेऊन रांगेत उभी, मागं बॅनर, बाजूला सर-मॅडम आणि गावातली पुढारी मंडळी. पोरांनी मनापासून ग्राउंड झाडलं असणार, त्यांचं कौतुकच आहे. पण एवढ्या फोटोंत एकाही शाळेचा संडास नाही, पाण्याची टाकी नाही, हात धुवायची जागा नाही, आणि पोरांच्या तब्येतीचा खरा प्रश्न तर तिथंच आहे, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. जरा लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी सातारा जिल्ह्यात आरोग्यसेविका होते, आता रिटायर झालेय. उपकेंद्राच्या हद्दीत जी हायस्कूलं येतात तिथं या ना त्या कारणानं सारखं जाणं व्हायचं, कधी लोहाच्या निळ्या गोळ्या पोचवायला, फेब्रुवारी आणि ऑगस्टला जंताच्या गोळ्या द्यायला, कधी आरबीएसकेच्या (पोरांची तब्येत तपासायचा सरकारी कार्यक्रम) डॉक्टरांबरोबर तपासणीला, आणि पावसाळ्यात डेंग्यूचा पेशंट निघाला की कंटेनर सर्वेला, म्हणजे साचलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या शोधायला. त्यामुळं आठवी ते दहावीची पोरं-पोरी मी जवळून बघितलीत, आणि माझं पहिलं म्हणणं हेच आहे की या पोरांना माहिती कमी नाहीये. हात कसे धुवायचे विचारा, सगळ्या स्टेप हवेत करून दाखवतात. डेंग्यूचा डास कुठला विचारा, मागच्या बाकावरून एडिस इजिप्ती असं स्पष्ट उत्तर येतं. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे, आरोग्य व शारीरिक शिक्षण आहे, दोन्हीच्या प्रकल्पवह्या सुंदर अक्षरात भरलेल्या असतात. आणि मग मधली सुट्टी होते, कबड्डी खेळून आलेली पोरं चड्डीला हात पुसून डबा उघडतात, आठवीपर्यंतची पोरं खिचडीच्या लाइनीत उभी राहतात, नळाखाली बोटं ओली केली की झालं.

यात पोरांचा दोष किती? नळाजवळ साबणच नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, बाहेर ठेवला की जातो, म्हणून ऑफिसच्या कपाटात ठेवलाय. आता कपाटातल्या साबणानं कुणाचे हात धुतले जाणार? नुसत्या पाण्यानं हाताचा तेलकटपणा निघत नाही आणि जंतू त्या तेलकटपणाला धरून बसतात, साबणानं घासल्यावर तो थर सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून साबण लागतो, आणि वीसेक सेकंद तरी घासावं लागतं. ओले करणं, घासणं, धुणं असं सगळं धरून एका पोराला मिनिटभर लागतं. शाळेत ३०० पोरं आणि ४ नळ असतील तर हिशेब करा, ७५ मिनिटं झाली, आणि सुट्टी असते अर्ध्या तासाची. म्हणजे पोरांनी ठरवलं तरी सगळ्यांचे हात धुऊन होणार नाहीत. पुस्तकात हात धुवा लिहिणाऱ्यांनी आणि शाळा बांधणाऱ्यांनी हा हिशेब एकत्र बसून कधी केलाय असं मला दिसलं नाही.

आणि उपाय काही फार खर्चाचा नाही. लांब पीव्हीसी पाइपला वीतभर अंतरावर भोकं पाडून एका बाजूला एकच कॉक बसवला की दहा-बारा पोरं एकदम हात धुतात. साबण जाळीच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगला तर कुणी नेत नाही. तेही नको असेल तर धुण्याची पावडर पाण्यात कालवून बाटलीत भरायची, झाकणाला भोक पाडायचं, त्या पाण्यानं हात चांगले निघतात आणि महिन्याला खर्च नगण्य येतो. एका शाळेत शास्त्राच्या सरांनी पोरांकडूनच असा पाइप बसवून घेतला, दहावीच्या पोरांनी माप घेतलं, भोकं पाडली, आणि मग तेच पोरगे धाकट्यांना लाइन लावायला लागले. पोहायला शिकायचं तर विहिरीत उतरावं लागतं, तसंच आहे हे, फळ्यावर शिकवून सवय लागत नाही.

आता संडासाचं. हे लिहिताना मला राग येतो, पण लिहिते. हायस्कूलला येणाऱ्या पोरी बऱ्याचदा वाडी-वस्तीवरून एसटीनं येतात. सकाळी साडेआठला घर सोडतात, घरी पोचेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा होतात. दप्तरात पाण्याची बाटली असते, आई आठवणीनं भरून देते, आणि ती बाटली तशीच्या तशी भरलेली परत जाते. का, तर पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नाही. म्हणजे खोली आहे, रंग दिलाय, दारावर मुलींसाठी असं लिहिलंय, पण आत पाणी नाही, नाहीतर कडी तुटलीय, नाहीतर कुलूप आहे आणि किल्ली सरांकडं मागायची आहे. तेरा-चौदा वर्षांची पोरगी भर वर्गात उठून सरांकडं किल्ली मागेल का? ती नाही मागत, ती पाणी पिणं बंद करते. मग डोकं दुखतं, शौचाला खडा होतो, आणि लघवीला जळजळ सुरू होते. घरी म्हणतात उन्हाळी लागली, धने-जिऱ्याचं पाणी दे. प्यावं, चांगलंच आहे, पण दरवेळी ती उन्हाळी नसते, बऱ्याचदा लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन असतं, आणि थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं तर ते वर किडनीकडं चाललंय असं समजून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. हे मी किती पोरींना आणि त्यांच्या आयांना सांगितलं असेल, पण सांगून मला स्वतःलाच कसंतरी व्हायचं, कारण उद्या ती परत त्याच शाळेत जाणार आणि परत पाणी पिणार नाही.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं लिहिलीयत. २०१४ ला स्वच्छ विद्यालयाची मोहीम आली तेव्हा प्रत्येक ४० पोरांमागं एक संडास आणि तीन मुताऱ्या असं प्रमाण सांगितलं होतं. खोल्या बांधल्या गेल्या हे खरंय, मी बघितलंय, आधी तेवढंही नव्हतं. पण खोली बांधायला पैसे येतात आणि ती रोज धुवायला येत नाहीत. केरळात २०१९ मध्ये शाळांमधून पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू झाली, पोरांनी दिवसातून ठरलेल्या वेळी पाणी प्यावं म्हणून. कल्पना मला फार आवडली, आपल्याकडंही व्हायला पाहिजे, पण पोरींसाठी त्या घंटेचा उपयोग तेव्हाच आहे जेव्हा शेजारचा संडास उघडा असेल, आत बादली भरलेली असेल आणि दाराला आतून कडी असेल.

मग तो धुवायचा कुणी? सगळं इथं येऊन अडतं. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं ठरवलं की अनुदानित शाळांतले शिपाई रिटायर झाले की त्या जागा परत भरायच्या नाहीत, त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचा, ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. आता त्या पाच हजारात घंटा देणं, टपाल नेणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं आणि संडास धुणं एवढं सगळं करणारा माणूस कुठून आणायचा? झेडपीच्या शाळांना समग्र शिक्षाचं अनुदान पटावर मिळतं, १०१ ते २५० पट असेल तर वर्षाला ५०,००० रुपये, आणि त्यातले कमीत कमी दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करा असं म्हटलंय. दहा टक्के म्हणजे ५,००० रुपये, महिन्याला चारशे सोळा. एवढ्यात फिनेल आणि दोन ब्रश येतात, माणूस येत नाही. मुख्याध्यापकांना शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यांच्या खुर्चीत बसून हा हिशेब केला की कळतं.

आणि पैसा नसला की मग काम पोरांवर येतं, आणि कुठल्या पोरांवर येतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ठरावीक घरातल्या पोरांनाच बादली घेऊन पाठवलं जातं. हे अजिबात होता कामा नये, हे मी स्पष्ट लिहितेय. शाळेचा संडास धुणं हे पगारी माणसाचं काम आहे, त्याला हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचा ब्रश दिलाच पाहिजे, आणि ॲसिड आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधीही एकत्र टाकायची नाही हे त्याला समजावून सांगितलं पाहिजे, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. पोरांनी करायची कामं वेगळी आहेत आणि ती भरपूर आहेत, आपला वर्ग, आपलं बाक, नळाचा ओटा, टाकीचं झाकण, बाग, ग्राउंड, आणि ती हजेरीच्या नंबरानं सगळ्यांना आळीपाळीनं यावीत, सरपंचाच्या पोराला सुद्धा. अजून एक, पोरींनी झाडायचं आणि पोरांनी बाकं उचलायची ही वाटणी बंद करा. झाडायला ताकद लागत नाही, पोरांना सहज जमतं.

आता गोळ्यांबद्दल लिहिते, कारण नुसती माहिती असणं आणि आरोग्याची खरी समज असणं यातला फरक मला तिथं कळला. १० ते १९ वयाच्या पोरांना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते, आमच्याकडं सोमवारी द्यायचो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली २०१९ ते २१, त्यात १५ ते १९ वयाच्या देशातल्या १०० पोरींमागं ५९ पोरींना ॲनिमिया निघाला, म्हणजे हिमोग्लोबिन १२ च्या खाली. एवढ्या पोरी म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून जास्त. तरी वर्गाच्या खिडकीच्या मागं गेलं की निळ्या गोळ्या मातीत पडलेल्या दिसायच्या. पोरींना रागावून उपयोग नव्हता. त्यांना विचारलं तेव्हा कळलं, कुणीतरी रिकाम्या पोटी घेतली होती, मळमळलं, तिनं दहाजणींना सांगितलं. कुणाला शौचाला काळं झालं, ती घाबरली, घरी आजी म्हणाली सरकारी गोळी बाधते. आणि या दोन्ही गोष्टी गोळी देताना कुणी सांगितल्याच नव्हत्या! गोळी जेवण झाल्यावर घ्यायची, चहा-दुधाबरोबर घ्यायची नाही कारण चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर जास्त लागू पडतं, आणि शौचाला काळं होणं हे लोहामुळं असतं, त्यात घाबरायचं काही नाही. एवढं दोन मिनिटांत सांगून होतं. ज्या शाळेत हे सांगितलं, आणि वर्गातल्या मॅडमनी स्वतः पोरींबरोबर डबा खाऊन मग सगळ्यांना समोर गोळी घ्यायला लावली, तिथं खिडकीमागं गोळ्या दिसायच्या बंद झाल्या. तेव्हा ‘गोळी घ्या’ ही नुसती सूचना झाली, ती का, कधी, कशाबरोबर आणि घेतल्यावर काय होईल हे पोरीला कळणं म्हणजे आरोग्याची समज.

पोरांची गंमत वेगळी. ते म्हणायचे ही पोरींची गोळी. त्याच पाहणीत त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये १०० मागं ३१ जणांना ॲनिमिया होता. पण आकडे सांगून पोरगं ऐकत नाही, त्याला त्याच्या कामाचं सांगावं लागतं. आमच्या भागात घरटी एक पोरगं भरतीची तयारी करतं, पहाटे उठून रोडला पळतं, आर्मी नाहीतर पोलीस. मी त्यांना म्हणायचे, बाळा, तुझ्या पायाला ऑक्सिजन कोण नेऊन देतं, रक्तातलं हिमोग्लोबिन नेऊन देतं, ते कमी असलं तर तू कितीही पळ, शेवटच्या राउंडला दम लागणारच, आणि मैदानावर एका-दोन सेकंदांत पोरं बाहेर जातात. मग स्वतः येऊन विचारायचे, सिस्टर, माझं एचबी बघता का. बाजरीची भाकरी, पालेभाजी, अळीव, हे सगळं मग पोरं आयांना जाऊन सांगायची. आणि अनवाणी शेतात, परड्यात जायचं नाही हेही त्यातच सांगायचे, कारण आकडी जंत पायाच्या कातडीतून आत जातो आणि आतड्यात बसून रक्त पितो, गोळी घेऊन लोह वाढवायचं आणि जंतानं ते खायचं असं व्हायला नको.

हीच गोष्ट पाण्याची. पोरांना शुद्ध पाणी प्या एवढंच सांगतात, पण शाळेच्या टाकीतलं पाणी शुद्ध आहे का हे बघायचं कसं, ते कुणी दाखवत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज टीसीएल टाकतो (टाकायला पाहिजे), आणि ओटी टेस्ट करतो, छोट्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. नळाला शेवटच्या टोकाला निदान ०.२ पीपीएम राहिला पाहिजे. ही टेस्ट नववीतलं कुठलंही पोरगं करू शकतं, आणि एकदा केली की विसरत नाही. एच टू एसची बाटली असते, तीत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळी झाली तर पाणी पिण्यालायक नाही. माझं म्हणणं आहे की जलसुरक्षा विषयाची प्रकल्पवही विकत आणून उतरून काढण्यापेक्षा वर्गातल्या पाच-पाच पोरांनी आळीपाळीनं शाळेच्या नळाची ओटी रोज घ्यावी आणि रंग फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा. रंग आला नाही तर मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीत फोन करायचा. गावाच्या पाण्याला वर्षातून दोनदा लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं, ते आपल्या गावाला कुठलं मिळालंय हे दहावीच्या पोरांना माहीत असायला पाहिजे, मोठ्यांना तर पाहिजेच.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, धायरी, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे (गुलियन बॅरे सिंड्रोम) पेशंट एकदम वाढले, लोक व्हेंटिलेटरवर गेले. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस निघाले, म्हणजे आधी पोटाचं इन्फेक्शन, मग हातापायातली ताकद जाणं. तेव्हा महिनाभर सगळीकडं पाणी उकळा, चिकन नीट शिजवा असं चाललं होतं, माझ्या भाच्याच्या सोसायटीत तर रोज मेसेज यायचे. नंतर सगळं शांत झालं. पण पुण्याच्या कडेला असो नाहीतर आमच्या डोंगरात, शाळेच्या टाकीचं झाकण उघडं असणं, आत शेवाळ असणं, कबुतराची पिसं असणं, हे मी नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत बघितलंय.

डासांचं थोडक्यात. शाळा म्हणजे डेंग्यूच्या डासाला सोयीची जागा, कारण तो दिवसा चावतो आणि पोरं दिवसा तिथंच असतात. गच्चीवर पडलेलं जुनं टायर, कुंडीखालची ताटली, तुटलेली बादली, न वापरातल्या संडासाचा हौद, स्वच्छ पाणी साचलं की त्यात अंडी, आठ-दहा दिवसांत डास. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे त्या दिवशी साचलेलं सगळं पाणी रिकामं करायचं. पण नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असतानाही महिनोन्महिने जगतात, म्हणून घासावं लागतं. हे पोरांना घेऊन करून दाखवलं की कळतं. बॅटरीच्या उजेडात पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, आणि संध्याकाळी घरी जाऊन तीच पोरं हौद रिकामा करायला लावतात. शाळेच्या हौदात गप्पी मासे सोडा, पोरं आवडीनं सांभाळतात.

कचऱ्याचं मला एवढंच म्हणायचंय की शाळेच्या ग्राउंडवरचा कचरा जरा निरखून बघा, पोरांच्या तब्येतीचा रिपोर्टच तो. कुरकुऱ्या-चिप्सच्या पिशव्या, वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या, आणि कंपाउंडच्या कडेला माव्याच्या, तंबाखूच्या पुड्या. एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे मुलांसाठी नाही, ते वर्गात मोठ्यानं वाचून घ्या एकदा. तास घ्यायचा तर पाकिटावरचं लेबल वाचायचा घ्या, मीठ किती, साखर किती. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा २०२० चा अन्नसुरक्षेचा नियम आहे, तंबाखूला १०० यार्डांची बंदी २००३ च्या कायद्यापासून आहे, गुटखा तर राज्यात २०१२ पासून बंद आहे. आणि पुडी मिळते कुठं, तर गेटसमोरच्या टपरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. यात पोरांना उपदेश करून काय होणार, टपरी हलवणं हे मोठ्यांचं काम आहे. आणि तो कचरा शाळेच्या मागं पेटवू नका, प्लास्टिकचा धूर शेजारच्या वर्गातच जातो. पाल्याचा खड्डा करा, प्लास्टिक वेगळं पोत्यात भरून घंटागाडीला द्या.

पाळीबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पूर्ण होत नाही. २०१८ च्या महिला दिनाला अस्मिता योजना आली, झेडपी शाळेतल्या पोरींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत. पॅड आले हे फार चांगलं झालं, पण पॅड चार-सहा तासांनी बदलायचं असतं आणि शाळेत बदलायला पाणी नाही, टाकायला डबा नाही. म्हणून पोरी सकाळी घेतलेलं पॅड संध्याकाळपर्यंत तसंच ठेवतात, पुरळ येतं, खाज येते, आणि बऱ्याच जणी ते चार दिवस शाळेलाच येत नाहीत. काही शाळांत पॅड जाळायचं मशीन दिलंय, ते बंद असतं कारण वायर जोडलेली नाही. मशीनपेक्षा आधी झाकणाचा डबा द्या, जुने पेपर द्या गुंडाळायला, आणि तो डबा रोज उचलला जाईल हे बघा. या विषयावर बोलायला आम्ही गेलो की मुलग्यांना ग्राउंडवर पाठवायचे. मी सांगून बघायचे की त्यांना पण बसू द्या, वेगळं सत्र घ्या हवं तर, त्यांना कळलं तर ते चिडवायचे थांबतील. ज्या दोन-तीन ठिकाणी ऐकलं तिथं पोरं अगदी शहाण्यासारखी बसली, चांगले प्रश्न विचारले. या वयात पोरांना पण आपल्या शरीराबद्दल कुणी सांगत नाही, मोबाइलवर जे दिसतं तेवढंच. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुला-मुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं जाऊन बोलता येतं हेसुद्धा शाळेत सांगितलं जात नाही.

२०२० मध्ये केंद्रानं शाळा आरोग्याचा कार्यक्रम काढला, प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत, आठवड्याला एक तास. शिक्षकांची ट्रेनिंगं पण झाली. पण त्या शिक्षकांना निवडणूक, सर्वे, ऑनलाइन माहिती भरणं यातून तो तास मिळत नाही. तास वेळापत्रकात छापा, आणि तो पीटीच्या तासासारखा दुसऱ्या विषयाला देऊन टाकू नका. आर. आर. आबांनी २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हा मी गावागावात बघितलंय, कमिटी येणार म्हटलं की लोक कामाला लागायचे कारण कमिटी खरोखर संडासाचं दार उघडून आत बघायची. शाळांच्या तपासणीत तसंच व्हायला पाहिजे, साहेबांनी दप्तर बघायच्या आधी मुलींचा संडास उघडून बघावा, नळ सोडून बघावा.

तर संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. पंधरवडा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात कधीतरी, तुमचा बातमीदार न सांगता दुपारी एक वाजता शाळांमध्ये पाठवा आणि हात धुवायच्या जागेचा फोटो छापा. जिथं साबण असेल त्या शाळेचं नाव मोठ्या अक्षरात द्या. आणि पालकांना सांगणं आहे की पुढच्या पालकसभेत मार्कांचं विचारून झालं की मुख्याध्यापकांना म्हणा, सर, आम्हाला मुलींचं स्वच्छतागृह बघायचंय. आयांनी जाऊन बघावं. पाणी नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी येतो त्यातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो, त्यातून शाळेला पाइपलाइन आणि संडासाच्या देखभालीचा खर्च मागा, ठराव लिहून घ्या आणि त्याची नक्कल घ्या. ज्या शाळेला ओटी टेस्ट नाहीतर गोळ्यांचं नीट समजावून सांगायला कुणी हवं असेल त्यांनी आपल्या उपकेंद्रावरच्या सिस्टरना बोलवावं, त्या येतात, त्यांना फक्त वर्गात अर्धा तास द्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. सातारा